वजाबाकीची गोधडी

मूल शिकायला बाहेरगावी निघालं की घरातल्या उरलेल्या सगळ्यांना थंडी वाजायला लागते. जाणारं मूल पंख्याखाली लोळत असतं. पण आजीला त्याच्या कानात वारं शिरताना दिसतं, आईला त्याचे पाय पांघरुणाबाहेर आलेले दिसतात आणि आत्याला तर थेट न्यूमोनियाच दिसतो. वसतिगृहाच्या यादीत बादली, मग, कुलूप, दोन चादरी, उशीचे अभ्रे एवढंच लिहिलेलं असतं. यादीखाली चार बोटं जागा रिकामी राहते. मराठी आईला रिकामा डबा आणि रिकामी जागा परत पाठवता येत नाही. तिथे ती बॉलपेनने लिहिते: गोधडी.

पुढची हकिकत त्र्यंबकेश्वरातली. गाव लहान. लेखात कुणाचं नाव घातलं तर संध्याकाळी कुशावर्तापाशी तोच माणूस समोर येतो आणि "काय हो, आम्हाला छापलंत म्हणे?" असं विचारतो. अशा वेळी गणितातली जुनी सोय बरी पडते. समजा, आई क्ष आहे आणि वडील य. 'समजा' म्हटलं की गणितात वाटेल ते खपतं. बारा मजूर आठ दिवसांत भिंत बांधतात, त्यातला एकही उचल मागत नाही. आणि हौदाचा एक नळ भरत असताना दुसरा उघडा ठेवणाऱ्याला कुणी शब्दाने बोलत नाही. तेव्हा समजा क्षबाई, यराव, यरावांच्या आई म्हणजे आजी, लग्न करून नाशिकला दिलेली पण कायम त्र्यंबकलाच सापडणारी आत्या, आणि कन्या.

कन्येने गणित घेतलं होतं. इंजिनिअरिंगच्या आधी लागतं तेवढं नव्हे, नुसतं गणित. चेन्नईजवळ सिरुसेरीला चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आहे. तिची प्रवेशपरीक्षा देशभरातली गणितवेडी मुलं देतात आणि थोडीच पार होतात. कन्या पार झाली. गावात मात्र बातमी निराळ्याच सुरात फिरली.

"नुसतं गणित? इंजिनिअरिंगला नाही का नंबर लागला?"

"म्हणजे पुढे बी.एड. करणार."

"चांगलं आहे, चांगलं आहे. शिकवण्या बऱ्या चालतात हल्ली."

यराव पौरोहित्य करतात. त्यांनी मुलीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तिथे गणिताशिवाय दुसरं काहीच नाही का गं?"

"संगणकशास्त्रही आहे की पदवीत."

"मग बाहेर तेवढंच सांगत जाऊ."

गोधडीला पहिला विरोध यरावांनीच केला. त्यांनी मोबाइलवर चेन्नईचं हवामान काढून क्षबाईंसमोर धरलं. जानेवारीतल्या पहाटेही तिथला पारा विसाच्या खाली क्वचितच उतरतो. त्र्यंबकची गोष्ट वेगळी; डिसेंबरात ब्रह्मगिरीवरून वारं सुटलं की दोन गोधड्या घेतलेला माणूसही तिसरीकडे बघतो. "तिथे लोक पंख्याला हात जोडून झोपतात," यराव म्हणाले.

"आणि एखाद्या वर्षी पडलीच थंडी तर?"

या प्रश्नाचं उत्तर हवामान खात्याकडेही नसतं.

कन्येने मग वेगळी युक्ती केली. साधी गोधडी नेली तर तिथली मुलं हसतील, म्हणाली. तिथे सगळे गणितवाले. आणि तिने आईला फोनवर काही चित्रं दाखवली. इंग्लंडमधल्या पॅट अ‍ॅशफोर्थ आणि स्टीव्ह प्लमर या गणितशिक्षक जोडप्याने लोकरीच्या पांघरुणांत गणितातल्या कल्पना विणलेल्या आहेत. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या दाइना ताइमिना यांनी १९९७ साली क्रोशाच्या सुईने अपास्तीय प्रतल विणलं. या प्रतलाची कागदी प्रतिकृती हाताळता हाताळता फाटायची, लोकरीची टिकली. दिसायला ते प्रकरण चहूबाजूंनी झालर आलेल्या फुलासारखं. आजीने चष्मा लावून ते पाहिलं. "कडेला टाके वाढवत गेलं की असंच वळतं ते. आम्ही त्याला बिघडलेला रुमाल म्हणायचो आणि उसवून टाकायचो."

ही चित्रं दाखवण्यात कन्येचा हेतू असा, की बघ, हे केवढं अवघड असतं! क्षबाईंनी अर्थ घेतला तो असा, की अरे, हे असतं!

त्यात अलीकडे गोधडीची प्रतिष्ठाही वाढली आहे. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत पुस्तक केलं. गोधड्या प्रदर्शनांत भिंतीवर टांगल्या जातात, शहरांतली दुकानं त्यांना हजारांत किंमत लावतात. जी वस्तू पाहुणे आले की आतल्या खोलीत ढकलायची, ती आता पाहुण्यांना मुद्दाम दाखवायची झाली. आजीला हे पटत नाही. फाटक्या लुगड्यांना एवढा भाव येणार हे आधी कळलं असतं तर ती बोहारणीशी भांड्यांसाठी इतकी घासाघीस करती ना.

घरात बैठक बसली. प्रश्न असा होता, की गणित कुठलं? यरावांनी काटकोन त्रिकोण सुचवला, कारण शाळेतला पायथागोरस तेवढाच त्यांच्या लक्षात राहिला होता. आत्याने स्वस्तिक सुचवलं.

"आत्या, ते गणित नाही."

"शुभ तर आहे!"

कन्येने मग जिल्ह्याच्या अभिमानाला हात घातला. जादूच्या चौरसांमध्ये 'नासिक' नावाचा एक प्रकार आहे, हे ऐकून यराव ताठ बसले. एकोणिसाव्या शतकात ए. एच. फ्रॉस्ट नावाचे इंग्रज मिशनरी नाशिकला होते. धर्मप्रसारातून सवड काढून ते आकडे मांडत बसायचे. ज्या चौरसात उभ्या-आडव्या ओळी, कर्ण आणि तुटके कर्णसुद्धा एकच बेरीज देतात त्याला त्यांनी नाशिकचं नाव दिलं; १८७८ साली त्यावरचा त्यांचा लेख छापून आला. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरातलं चौतिसा यंत्र याच जातीचं. एक ते सोळा आकडे, कुठूनही मोजा, ३४. वरची ओळ काढून खाली लावली तरी बेरीज ढळत नाही. म्हणजे अशी गोधडी उशाकडून ओढा की पायथ्याकडून, हिशेब पक्का. नाशिक हे नाव जगाच्या गणितात आहे हे कळल्यापासून यराव संकल्प सोडून झाला की प्रत्येक यजमानाला ते सांगू लागले. यजमान पाकिटात हात घालत. त्यांना वाटे, हाही विधीच आहे.

नासिक चौरस अडला तो एका किरकोळ मुद्द्यावर. कापडावर आकडा दाखवायचा कसा? आत्या म्हणाली, बटणं लावू. एकच्या चौकोनात एक बटण, सोळाच्या चौकोनात सोळा. कन्येने तोंडी बेरीज सांगितली: एकूण १३६ बटणं.

"त्यावर झोपायचं कुणी?" आजीने विचारलं. "भीष्माने?"

मग मिसेस पर्किन्स आल्या. इंग्लंडमधले कोडीकार हेन्री ड्यूडनी यांच्या १९१७ सालच्या पुस्तकात या बाईंच्या गोधडीचं कोडं आहे. गोधडी तेरा बाय तेरा, म्हणजे १६९ छोट्या चौकोनांची. ती फक्त शिवण उसवून कमीत कमी किती चौरस तुकड्यांत सुटी करता येईल? उत्तर अकरा. एक सातचा, दोन सहांचे, एक चारचा, दोन तिनांचे, तीन दोनांचे आणि दोन एकांचे. प्रत्येकाचे वर्ग करून बेरीज घ्या, बरोबर १६९ भरतात. कन्येने हे वहीत काढून आजीला दाखवलं.

"पर्किन्स म्हणजे कुठल्या या?"

"इंग्लंडच्या."

"तिला म्हणावं, तुकडे कमीच करायचे असतील तर गोधडी कशाला? चादर घे."

या उत्तरावर ड्यूडनी यांनाही विचार करावा लागला असता.

शेवटी कन्या देवळालीला येऊन थांबली. त्र्यंबकहून नाशिक ओलांडलं की पलीकडच्या अंगाला देवळाली. तिथल्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे मास्तर होते. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं होतं. पुढे बी.एस्सी. झाले आणि तेवढ्यावरच शिक्षण थांबलं. आकडे मात्र थांबले नाहीत. दारुड्याला जशी दारू तसे आपल्याला आकडे, असं ते स्वतःच सांगत. डोंबिवली स्टेशनवर त्यांना एका जातीच्या संख्या सुचल्या, तर स्टेशनच्या जुन्या इंग्रजी नावावरून त्यांनी त्यांचं नाव डेम्लो संख्या ठेवलं. (आज डोंबिवली स्टेशनवर उभं राहून माणसाला जे सुचतं ते छापता येत नाही.)

त्यांच्या आणखी एका शोधावर यराव बेहद्द खूश झाले. १५ घ्या, त्यात १ आणि ५ मिळवा, २१ होतात. म्हणजे २१ चा जनक १५. अशा रीतीने पाहत गेलं तर काही संख्यांना जनकच सापडत नाही. २० ला नाही, ३१ ला नाही, ४२ ला नाही. कापरेकरांनी त्यांना स्वयंभू म्हटलं. देवळाली संख्या या नावानेही त्या ओळखल्या जातात. ज्योतिर्लिंगाच्या गावातल्या माणसाला स्वयंभू समजावून सांगावं लागत नाही. यरावांना शंका आली ती वेगळीच: "मग विसाचं गोत्र काय सांगायचं?" आणि उत्तरही त्यांनीच दिलं. "ज्याला ठाऊक नसतं तो काश्यप सांगतो. चालेल."

पण गोधडीसाठी निवड झाली ती ६१७४ ची. चार अंकी कुठलाही आकडा घ्यायचा, फक्त चारही अंक एकच नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या क्रमाने लावायचे, मोठ्यातून लहान वजा करायचा. उत्तरावर पुन्हा तेच. सुरुवात कुठूनही करा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि मग तिथून हलत नाही. ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४ च. बऱ्याच विद्वानांना हा पोरखेळ वाटला. शाळामास्तर आकड्यांशी खेळतो, त्यात काय एवढं! १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कापरेकरांबद्दल लिहिलं आणि मग हाच पोरखेळ जगभर गणित म्हणून खेळला जाऊ लागला. आपल्याकडे माणूस मोठा आहे याची बातमी पोस्टाने परदेशाहून यावी लागते, हे काही फक्त गणितातच घडत नाही.

कापरेकरांनी ६१७४ विद्वानांपुढे पहिल्यांदा मांडला तो १९४९ साली, मद्रासच्या गणित परिषदेत. हे वाचून क्षबाईंचे डोळे चमकले. देवळालीचा आकडा मद्रासला गेला होता, आता त्र्यंबकची मुलगी जाते आहे. याहून मोठा योग कुठला?

"गेला होता खरा," यराव म्हणाले. "पण त्याला गोधडी लागली नव्हती."

कन्येचं जन्मसाल २००७. तिने वहीत मांडलं: ७२०० वजा ००२७, उत्तर ७१७३. पुढे ६३५४, मग ३०८७, मग ८३५२, आणि पाचव्या वजाबाकीला ६१७४. म्हणजे मूळ आकडा धरून सहा ओळी, ओळीत चार तुकडे, एकूण चोवीस. प्रत्येक अंकाला एक साडी. शून्य ते नऊ, दहा अंकांना दहा साड्या. कागदावर हे फार सोपं दिसलं. आजी सारखी म्हणत होती, की गोधडी म्हणजे बेरीज, लुगड्यात लुगडं मिळवत जायचं. वजाबाकी शिवलेली कुणी ऐकली आहे का? पण तिचं कुणी ऐकलं नाही.

साड्या जमवणं हा या उद्योगातला सगळ्यात नाजूक भाग. गोधडीला साडी द्या म्हटलं की बायका उदार होतात आणि साडी समोर आली की आठवणी निघतात. ही डोहाळजेवणाची, ही सिंहस्थात घेतलेली, ही नेसून मी पहिल्यांदा मतदान केलं. आठवण निघाली की साडी परत घडी होऊन कपाटात जाते आणि तिच्या जागी नायलॉनची येते, जिच्याबद्दल कुणालाच काही आठवत नाही. शेजारच्या काकूंनी अगत्याने जॉर्जेट आणून दिली. ती कात्रीखालून दोनदा निसटून पलंगाखाली गेली. शेवटी शून्याला आजीचं पांढरं सुती लुगडं, तीनला मालेगावची साडी, पाचला इरकल, सातला क्षबाईंच्या आईची जुनी नारायणपेठ आणि नऊला आत्याची अंजिरी साडी असं ठरलं. अंजिरी साडी देताना आत्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "पोरीच्या अंगावर राहील," ती म्हणाली.

इथे गणित आडवं आलं. २००७ पासून ६१७४ पर्यंतच्या चोवीस अंकांत नऊ एकदाही येत नाही.

आणि सात? सात पाच वेळा येतो. म्हणजे कन्येच्या आजोळची साडी पाच जागी, आणि सख्ख्या आत्याची साडी कुठेच नाही. ही गोष्ट कळायला आत्याला वहीची गरज लागली नाही, एक नजर पुरली.

"वहिनी, हे मुद्दाम केलंत."

"वन्सं, देवाशप्पथ, हे कापरेकरांनी केलंय."

"कोण कापरेकर? बोलवा त्यांना."

ते १९८६ साली वारले, असं कन्येने सांगितलं. आत्याचं समाधान झालं नाही. मुलीचं जन्मसाल एकाने मागेपुढे करता येणार नाही का, अशी तडजोड तिने सुचवून पाहिली. पूर्वी शाळेत नाव घालताना करायचेच की लोक. अखेर कन्येनेच मार्ग काढला. जन्माऐवजी प्रवेशाचं साल घेतलं तर? २०२५. त्याला सहा वजाबाक्या लागतात: ४९९५, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. नऊ चार वेळा! आत्याचा चेहरा उजळला. क्षबाईंनी मात्र मुकाट्याने सात मोजले. अख्ख्या यादीत सात एकदाच येतो, तोही अगदी शेवटच्या ओळीत, पायापाशी.

"माझ्या आईची साडी पायापाशी?"

त्या रात्री घरात भांडी जरा जोरात घासली गेली.

तहाची कलमं आजीने सांगितली. गोधडीला दोन बाजू असतात. एका बाजूला २००७, दुसऱ्या बाजूला २०२५. यरावांनी विचारलं, "तीन दिवसांत नारायण नागबळी होतो. ही गोधडी किती दिवस चालणार?" क्षबाई म्हणाल्या, "नागबळीत सगळे तुमचं ऐकतात."

एका बाजूला सहा ओळी, दुसऱ्या बाजूला सात. कन्येने लांबी ८४ इंच धरली, कारण ८४ ला सहाने भाग जातो आणि सातानेही. तुकड्याची उंची पुढून चौदा इंच, मागून बारा. रुंदीला चार चौदा छप्पन्न. घरातल्या सगळ्यांनी मान डोलावली. इतका सुबक हिशेब त्र्यंबकमध्ये बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

पण पाऊस. कॉलेजचे प्रवेश आणि त्र्यंबकचा पाऊस एकाच मुहूर्तावर येतात. इथे आषाढात धुतलेला पंचा श्रावणात वाळतो. दहा साड्या धुऊन स्वयंपाकघरात दोऱ्यांवर टांगल्या. घरातला प्रत्येक माणूस इरकलीतून वाकून आणि नारायणपेठेतून डोकं काढून चहा प्यायला लागला. साड्यांना फोडणीचा वास लागला. अस्तराला आणि आत भरायला पांढरं कापड हवं होतं. आत्याने सहज सुचवलं, "दादा, यजमान सोडून गेलेली धोतरं किती पडून असतात तुझ्याकडे!" आजीने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि दिवसभर आत्याशी बोलली नाही. मग बाजारातून नवं मांजरपाट आलं. जुन्या कपड्यांतून फुकट होणाऱ्या वस्तूवरचा हा पहिला खर्च. पुढे त्यात दोरा, सुया, नवी कात्री, ती कात्री हरवल्यावर आणलेली दुसरी कात्री आणि क्षबाईंच्या मानेसाठी मलम अशी भर पडत गेली.

कापायचा दिवस उजाडला तो नेमका नागपंचमीचा. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही. एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी आत्याने मोठ्या उमेदीने सगळे तुकडे कापून टाकले. पुढचे बरोबर चौदा इंच, मागचे बरोबर बारा. शिवणीत अर्धा अर्धा इंच कापड आत जातं, हे ८४ च्या सुबक हिशेबात कुणी धरलंच नव्हतं. चौदाचे झाले तेरा, बाराचे झाले अकरा. तेरा सक ७८. अकरा साते ७७. गोधडीची पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा एक इंच लांब झाली.

कन्या वही घेऊन बसली. यरावांनी पंचांग पाहिलं. आत्या म्हणाली, मुळात जन्मसाल घ्यायला नको होतं. आजी उठली, दोन्ही बाजू जमिनीवर पसरल्या, एका टोकावर स्वतः बसली, दुसऱ्या टोकावर नातीला बसवलं आणि कापड ओढलं.

"आला इंच."

पुढची शिवण आजीची. ती गोधडीवरच बसून शिवते. कडेपासून सुरुवात, धावदोरा घालत चारी बाजूंनी फेरी, फेरीच्या आत दुसरी फेरी, असं करत मधोमध यायचं. टेप नाही, खडूची रेघ नाही. वीत आणि बोटं. दोन ओळींतलं अंतर करंगळीच्या टोकाएवढं, आणि चष्मा कपाळावर असतानाही ते तेवढंच राहतं. क्षबाईंनी आणि आत्याने घातलेले टाके मात्र ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे पडले. मधला शेवटचा चौकोन बंद करताना आजीने पदराखालून पोळीचा तुकडा काढला. गोधडीचं पोट रिकामं ठेवायचं नसतं.

"आजी, मुंग्या लागतील! दोन दिवसांचा प्रवास आहे."

"मग उपाशी पाठवू तिला?"

यरावांनी मध्यस्थी करून चिमूटभर अक्षता दिल्या. अक्षता घरात भरपूर असतात.

निघायच्या आदल्या रात्री गोधडी पसरली तेव्हा कन्येचं लक्ष चौथ्या ओळीकडे गेलं. ३०८७ च्या जागी ३०७८ शिवलेलं होतं. श्रावणी सोमवारी दर्शनाला आलेले पाहुणे मांडलेल्या तुकड्यांवरून चालत आतल्या खोलीत गेले होते, तेव्हाच आठ आणि सात यांची अदलाबदल झाली असणार. क्षबाईंनी कपाळाला हात लावला. ही चूक सिरुसेरीत पहिल्याच रात्री पकडली जाणार.

"उसवू?"

"नको," कन्या म्हणाली. "वजाबाकीच्या आधी अंक लावूनच घ्यायचे असतात. ३०७८ घे नाहीतर ३०८७, पुढची ओळ तीच येते."

आजीने समाधानाने मान हलवली. "मास्तर शहाणा होता. पाहुणे धरूनच गणित केलंय त्याने."

गोधडी भरली तशी बॅग बंद होईना. मग लाडू काढले, बॅग मिटली, लाडू वेगळ्या पिशवीत गेले, त्या पिशवीत लोणचं गेलं. यराव वजनकाटा घेऊन बसले होते. त्यांनी काटा उचलून ठेवला. गोधडीचा पहिला उपयोग रेल्वेच्या थर्ड एसीत झाला आणि तिथे ती खरोखर लागली. क्षबाईंनी हे फोनवर ऐकलं आणि यरावांना दिवसभरात निरनिराळ्या निमित्तांनी सांगितलं. वसतिगृहात तिची बढती होऊन ती गादीवर अंथरली गेली. पांघरायची वेळ काही आलेली नाही. खोलीत येणारी मुलं तिच्यावर बसून आपापल्या जन्मसालाच्या वजाबाक्या करतात. २००७ ची बाजू वर ठेवली की आत्या व्हिडिओ कॉलवर विचारते, "आमची बाजू खाली का?"

वाचकांपैकी कुणाच्या घरून मूल निघायचं असेल तर कात्री हातात घेण्याआधी कागदावर वजाबाकी करून पाहावी. २०२४ ला चार पायऱ्या पुरतात, २०२५ ला सहा. ११११ सारखा आकडा घेऊ नये; शून्य उरतं आणि कुणाचीच साडी लागत नाही. आजोबांसाठी शिवायची असेल तर कापड जास्त आणावं. कापरेकरांचं स्वतःचं जन्मसाल १९०५. त्याला सातच्या सात पायऱ्या लागतात, म्हणजे आठ ओळी, बत्तीस तुकडे. आणि प्रत्येक तुकडा चारी बाजूंनी अर्धा इंच जास्त कापावा.